मिस्त्रींनी पंख घट्ट केले

मिस्त्रींच्या हातचं कपाट ओळखायची एक सोपी खूण होती. त्याचा एक ड्रॉवर आत ढकलला, की शेजारचा आपण होऊन बोटभर बाहेर यायचा. त्यात जादू काही नव्हती. ड्रॉवर आणि चौकट यांच्यामध्ये मिस्त्री जागाच इतकी कमी ठेवायचे, की आत कोंडलेल्या हवेला पळायला वाट उरत नसे. मग ती बिचारी शेजारच्या ड्रॉवरला मागून ढकलायची. गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं आणि मिस्त्री मिशीतल्या मिशीत हसायचे. जगात दोनच प्रकारचे सुतार असतात, असं त्यांचं मत होतं: एक फट न ठेवणारे आणि दुसरे, ज्यांनी दुसरा धंदा बघायला हवा होता ते.

हे दुकान होतं तेव्हाचं. गुडघ्यांनी संप पुकारल्यावर मिस्त्रींनी दुकान बंद केलं आणि ते घरी बसले. घरी बसलेला सुतार म्हणजे घराला लागलेली वाळवी, असं त्यांची बायको म्हणायची. आधी त्यांनी घरातली सगळी दारं उतरवून पुन्हा बसवली, मग खिडक्या. न्हाणीघराचं दार तर असं झकास बसलं, की एक दिवस बायको आतच अडकली. ती बाहेर आल्यावर जे बोलली ते ऐकायला शेजारच्या घरातला रेडिओ बंद करण्यात आला होता.

अशा माणसाला माणसांत ठेवलं ते सुनेनं. सून विमान चालवायची. गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर तिचं एक जुनं, जाड चाकांचं, आखूड नाकाचं विमान होतं. जरा धावून टुणकन उडायचं म्हणून त्याला सगळे टोळ म्हणायचे. टोळातली तुटकी फळी, हँगरमधलं डगमगतं टेबल, ऑफिसची करकरणारी खुर्ची असं काही ना काही ती मिस्त्रींसाठी शोधून काढायची. शिवाय ती त्यांच्याशी भांडायची, आणि तेही बरोबरीनं. चहात साखर किती इथपासून चंद्रावर माणसानं जायची गरज होती का इथपर्यंत कुठलाही विषय दोघांना चालायचा. मुलगा हवामान कार्यालयात होता. भांडणात त्याचं मत विचारलं, तर तो "अंशतः ढगाळ" एवढंच म्हणून आपलं ताट उचलायचा.

सून सासऱ्यांना एरवी "बाबा" म्हणायची. "मामंजी" म्हणाली, की मिस्त्रींनी समजायचं, आता काही खरं नाही.

त्या आठवड्यात मात्र घरातली भांडणं बंद होती आणि मिस्त्रींना ते अजिबात सोसत नव्हतं. सुनेची परीक्षा होती. वरच्या डोंगरातल्या गावांना टपाल आणि औषधं न्यायचं काम तिला हवं होतं. तिथल्या धावपट्ट्या म्हणजे डोंगराच्या खांद्यावर पुसलेला एकेक हात. एका टोकाला कडा, दुसऱ्या टोकाला दरी. तिथं जायचा परवाना हवा असेल, तर आधी इथं, परीक्षकासमोर, आखलेल्या पांढऱ्या रेषेच्या आत विमान उतरवून थांबवून दाखवायचं. जमलं तर काम तिचं. नाही जमलं, तर लांबच्या मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपनीनं तिला आधीच बोलावलं होतं, आणि नवऱ्याची बदलीही तिकडे होण्यासारखी होती.

"इथं नाही झालं तर जावंच लागेल, बाबा," ती एकदा म्हणाली होती.

"जा की! आम्हाला काय, वरचा मजला झाडायचे कष्ट वाचतील," मिस्त्री म्हणाले होते, आणि मागच्या अंगणात जाऊन मुळात सरळ असलेली एक फळी रंधत बसले होते. फळीची पट्टी झाली, पट्टीची काडी झाली, तेव्हा बायकोनं येऊन त्यांच्या हातून रंधा काढून घेतला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी सुनेनं त्यांना हँगरमध्ये नेलं. हत्यारांच्या कपाटाचा एक ड्रॉवर अडकला होता. मिस्त्रींनी दोनदा रंधा फिरवून तो सरळ केला. सून कागदपत्रांसाठी ऑफिसात गेली होती. विमानतळाच्या इंजिनीयरबाई बाहेर कुणाच्या तरी विमानाच्या चाकाखाली अर्ध्या गेल्या होत्या; त्यांचे फक्त बूट दिसत होते. मिस्त्री एकटेच टोळाभोवती फिरू लागले. जाता जाता त्यांनी पंखाच्या पुढच्या कडेवर हात ठेवला, आणि कड हलली.

मिस्त्रींनी हातातली पेटी खाली ठेवली.

त्यांनी वाकून पाहिलं. पंखाच्या पुढच्या कडेला पंखाच्याच आकाराची एक लांब, वाकदार पट्टी होती, आणि ती खाली रुळांवर बसवलेली होती. हातानं ढकलली, की सुळकन आत जाऊन पंखाला चिकटायची. हात काढला, की खडखडत परत बाहेर यायची आणि तिच्या नि पंखाच्या मध्ये चांगली बोटं जातील एवढी फट पडायची. मिस्त्रींनी पुन्हा ढकलली. पट्टी पुन्हा बाहेर. एका पंखावर अशा दोन, दुसऱ्यावर दोन. चारही तशाच उंडग्या.

आपण होऊन बाहेर येणारा ड्रॉवर! असा ड्रॉवर त्यांच्या दुकानातून गेला असता, तर त्यांनी गाव सोडलं असतं. आणि हा तर हवेत जाणार होता. उद्या तो परीक्षक येणार, पंखाला हात लावणार, पट्टी खडखडणार, आणि पोरीचं नाव कापलं जाणार. आत्ता तिला सांगावं, तर ती घाबरेल. आधीच चार दिवस नीट जेवत नाहीये.

मिस्त्रींनी बाहेरच्या बुटांकडे एक नाराज नजर टाकली आणि पेटी उघडली. पेटीत अक्रोडाच्या लाकडाचे तुकडे असायचेच. त्यांनी रुळांची मापं घेतली, पातळ पातळ पाचरा तासल्या, आणि एकेक पाचर रुळाच्या खाचेत सरकवली. खिळा नाही, सरस नाही. नुसतं माप. शेवटची पाचर बसली, तेव्हा चारही पट्ट्या पंखाला अशा मिळाल्या होत्या, की मधून केस जाणार नाही. मिस्त्रींनी अंगठ्यानं सांधा चाचपला. इतकं देखणं काम त्यांच्या हातून गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं. कुणाला दाखवता येत नाही एवढंच वाईट होतं.

सून परत आली तोवर ते खुर्चीत बसून निरागस चेहऱ्यानं जांभई देत होते.

संध्याकाळी जेवताना सून तोंडी परीक्षेची तयारी करत होती. म्हणजे ती बोलत होती आणि बाकीच्यांनी ऐकायचं होतं. मुलाला कामावर थांबावं लागलं होतं, त्यामुळे श्रोते दोनच होते.

"आता मला विचारा, टोळ एवढ्याशा जागेत कसा काय उतरतो."

"कसा काय उतरतो?" सासूबाईंनी वाढता वाढता विचारलं.

"स्लॅटमुळे!" सुनेनं हाताचा पंजा आडवा धरला. "हा पंख. विमानाला हळू उडायचं असेल, तर नाक वर करायचं. पंख असा तिरपा झाला, की वरची हवा जास्त वळते आणि उचल जास्त मिळते. पण हे किती वेळ? फार तिरपा केला, की वरच्या हवेला ते वळण झेपत नाही. ती पंखाला सोडून देते. हवा सुटली, की उचल गेली, आणि विमान पडायला लागतं."

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणून स्लॅट. पंखाच्या पुढच्या कडेला पट्ट्या असतात. नाक वर गेलं, की त्या पुढे सरकतात आणि मागे फट पडते. खालची दमदार हवा त्या फटीतून वर घुसते आणि पंखावरच्या दमलेल्या हवेला मागून रेटा देते. मग ती हवा पंख सोडत नाही. नाक आणखी वर करता येतं, वेग आणखी कमी करता येतो. हळू आलं, की उतरल्यावर धावावं लागतं थोडंच. उडतानाही तेच. बाकीची विमानं अजून धावत असतात तेव्हा टोळ वर गेलेला असतो. सगळी करामत त्या फटीची."

मिस्त्रींचा घास हातातच राहिला.

"फटीची?" ते म्हणाले.

"फटीची."

"म्हणजे… ती फट मुद्दाम ठेवलेली असते?"

"तर हो!"

"आणि त्या पट्ट्या बाहेर काढतं कोण? तू? काही दांडा वगैरे असेल ना. कळ? मोटर?" मिस्त्रींचा आवाज जरा वर गेला होता.

"काही नाही! तीच तर मजा आहे, बाबा. वेगात असताना समोरची हवा त्यांना आत दाबून ठेवते. नाक वर गेलं, की पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा दाब कमी होतो आणि पट्ट्या ओढल्यासारख्या बाहेर येतात. कुणी हात लावायचा नाही. फक्त रूळ एकदम सुटे हवेत. नुसत्या बोटानं हलल्या पाहिजेत."

मिस्त्रींना आपले सगळे ड्रॉवर आठवले. एक ढकलला, की हवेच्या जोरावर आपण होऊन बाहेर येणारा दुसरा. जन्मभर हवेकडून हे काम त्यांनी करून घेतलं होतं, आणि आज दुपारी तेच काम करणाऱ्या हवेच्या तोंडावर त्यांनी अक्रोडाचं लाकूड ठोकलं होतं.

"समज," त्यांनी भाजीकडे बघत विचारलं, "एखादी पट्टी जरा नीट बसलेली असली तर?"

"नीट म्हणजे?"

"म्हणजे… छान. मिळून."

"अहो," त्यांची बायको म्हणाली, "तुमचे कान लाल झालेत."

"उकडतंय."

"न्हाणीघराच्या दाराच्या वेळी पण असेच झाले होते. काय केलंत?"

सून त्यांच्याकडे बघू लागली. मिस्त्रींनी पाण्याचा पेला उचलला, रिकामा होता, तरी प्यायले. मग सगळं सांगून टाकलं. सांगताना नको नको म्हणत असतानाही "केस जाणार नाही" हे वाक्य त्यांच्या तोंडून जरा अभिमानानंच निघालं.

सुनेनं हातातला घास ताटात ठेवला.

"चारही?" सुनेनं विचारलं.

"चारही."

"मामंजी," सून म्हणाली.

पुढे ती काही बोललीच नाही. मिस्त्रींना तेच सगळ्यात जड गेलं. तिनं आरडाओरडा केला असता, तर त्यांना दोन शब्द उलटून बोलता आले असते. हँगरला संध्याकाळीच कुलूप लागायचं आणि किल्ली घेऊन पहारेकरी लांबच्या आपल्या गावी जायचा, तेव्हा सकाळपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं.

सकाळी धुकं होतं. पहारेकऱ्यानं दार उघडलं तेव्हा हँगरच्या पत्र्यावरून थेंब गळत होते. मिस्त्रींनी पेटी खाली ठेवली, चिमट्यानं पहिली पाचर धरली आणि ओढली.

ती हलली नाही. दुसरी हलली नाही. तिसरीनं चिमट्याची पकड सोडली, पण जागा सोडली नाही. रात्रभर दमट हवा पिऊन अक्रोड फुगला होता.

"ठोकू का हळूच?" मिस्त्रींनी विचारलं.

"हात लावून बघा," इंजिनीयरबाई म्हणाल्या. त्यांचा आज पाय, पोट आणि चेहरा असा सगळा देह दिसत होता, आणि चेहरा बघण्यासारखा नव्हता. "पत्रा आहे तो. एक पोचा आला तर मी सही करणार नाही. तेल घालायचं नाही, त्यावर धूळ बसते. पटाशी लावायची नाही, रुळाला ओरखडा पडतो. मी चाकाखाली होते, काका. हाक मारायची होतीत. काय बिघडलं असतं?"

"तुमचंच काम अर्धवट राहिलंय असं वाटलं," मिस्त्री म्हणाले.

"वा! म्हणजे माझी अब्रू झाकत होतात?"

"बाई, आत्ता नको," सून म्हणाली. ती फेऱ्या मारत होती.

तेवढ्यात परीक्षक आले, आणि ठरलेल्या वेळेच्या आधी आले. उंच, किडकिडीत गृहस्थ. चेहऱ्याला रोज सकाळी इस्त्री करत असावेत असे. त्यांनी पंखावर ओणवा झालेला म्हातारा पाहिला, मग जमिनीवरची पेटी पाहिली.

"हे काय चाललंय?"

"स्लॅट अडकल्यात," सून म्हणाली. "माझ्या सासऱ्यांनी रुळांत पाचरा बसवल्या."

"का?"

सुनेनं सासऱ्यांकडे पाहिलं. "काळजीपोटी."

परीक्षकांनी वाकून एका सांध्यावरून नख फिरवलं. भुवई जराशी वर गेली. "काम उत्तम आहे," ते म्हणाले. "विमान निकामी केलंय, पण काम उत्तम आहे. धुकं निवळेपर्यंत मी थांबेन. त्यानंतर वारा सुटतो, आणि मग मी थांबणार नाही. पुन्हा यायला मला पावसाळा उलटेल." ते मिस्त्रींनीच दुरुस्त केलेल्या खुर्चीत जाऊन बसले.

पावसाळा उलटेपर्यंत शहरातली कंपनी थांबणार नव्हती. हे सुनेला ठाऊक होतं, आणि मिस्त्रींनाही.

मिस्त्री जमिनीवर बसले. आजवर लोकांनी त्यांच्याकडे सैल झालेलं घट्ट करायला आणलं होतं. घट्ट झालेलं सैल करायला कोणी आणलं, तर ते तासायचे. इथं तासायला जागा नव्हती. लाकूड पाणी प्यायलंय, ते ओकवायला हवं. ऊन असतं तर टोळाला उन्हात उभं केलं असतं. बायकोचा केस वाळवायचा पंखा आणावा, तर त्याचा जीव केवढासा. त्यांची नजर भिंतीशी गेली. तिथं चाकांवर एक डबा होता आणि त्याला हत्तीच्या सोंडेसारखी जाड नळी होती.

"ते काय आहे?"

"थंडीत इंजिन गरम करायचं यंत्र," इंजिनीयरबाई म्हणाल्या. "गरम हवा फेकतं…" त्या थांबल्या. मग बोलता बोलताच यंत्राकडे पळाल्या. "फार जवळ नाही धरायचं हं. रंग सोलला तर तुम्हालाच रंगवीन."

सून नळी धरून पंखापाशी उभी राहिली. गरम हवा रुळांवरून वाहू लागली. मिस्त्री चिमटा घेऊन बसले, आणि बराच वेळ काहीच घडलं नाही. परीक्षकांनी एकदा बाहेर जाऊन धुक्याकडे पाहिलं. विमानतळाच्या कुंपणाचे खांब एकेक करून दिसू लागले होते.

मग एका पाचरीनं अगदी बारीक आवाज केला. मिस्त्रींनी श्वास रोखून तिचं टोक धरलं आणि, लहान मुलाच्या पायातला काटा काढावा तशी, ती हळूच बाहेर घेतली.

"आली," ते कुजबुजले.

"पुढची," सून म्हणाली. अजूनही "बाबा" नाही.

शेवटची पाचर निघाली तेव्हा कुंपण पूर्ण दिसत होतं. इंजिनीयरबाईंनी प्रत्येक रुळात बॅटरी मारून पाहिलं, पट्ट्या आतबाहेर करून पाहिल्या, कान लावून ऐकल्या, आणि सही केली. परीक्षक उठले, विजार झटकली आणि टोळात सुनेशेजारी जाऊन बसले.

दोन प्रयत्नांची मुभा होती. मिस्त्री आणि इंजिनीयरबाई पांढऱ्या रेषेपासून लांब, गवतात उभे राहिले. टोळ उडाला, पण नेहमीसारखा टुणकन नाही. सावकाश, बरंच धावून. एक चक्कर मारून तो परत आला. नाक खाली होतं आणि वेग फार होता. चाकं टेकली, उडाली, पुन्हा टेकली, आणि टोळ पांढऱ्या रेषेवरून दिमाखात पुढे निघून गेला.

"अरे देवा," मिस्त्री म्हणाले. "पट्ट्या बाहेरच आल्या नाहीत. काही राहिलं का आत?"

"काही राहिलेलं नाही. मी स्वतः बघितलंय," इंजिनीयरबाई दात आवळून म्हणाल्या. "तिनंच येऊ दिल्या नाहीत. नाक वर करून वेग सोडला तर त्या येणार ना! ती वेगच सोडत नाहीये."

"का सोडत नाही?"

इंजिनीयरबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

मिस्त्रींना कळलं. वेग सोडायचा म्हणजे पट्ट्यांच्या भरवशावर हवेत लोंबकळायचं. कालपर्यंत तो भरवसा तिच्याजवळ होता. पाचरा निघाल्या, पण त्या भरवशात घुसलेली पाचर तशीच होती, आणि तिला गरम हवा लावून भागणार नव्हतं.

टोळ वळून परत येत होता. मिस्त्री गुडघ्यांची पर्वा न करता त्याच्या दिशेनं निघाले, आणि इंजिनीयरबाईंनी त्यांचा सदरा मागून धरून ठेवला. "पंखा फिरतोय पुढचा! मान ठेवायचीय ना?"

ती ओढाताण बघून सुनेनं इंजिन बंद केलं आणि दार उघडलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. शेजारी परीक्षकांनी आकाशाकडे पाहिलं. "घरच्यांशी बोलायला बंदी नाही," ते म्हणाले. "वाऱ्याशी माझी ओळख नाही, तेवढं लक्षात ठेवा."

मिस्त्री पंखापाशी गेले. त्यांनी खिशातून सगळ्या पाचरा काढल्या आणि ओंजळीत धरून सुनेला दाखवल्या. "ह्या बघ. बसवल्या तेवढ्या आहेत. मोजून घे. मी चार वेळा मोजल्यात."

"मला माहितीय, बाबा," सून म्हणाली. "इंजिनीयरबाईंनी बघितलंय. मला सगळं माहितीय. पण नाक वर करायला गेले, की हात ऐकतच नाही."

"खाली उतर."

"बाबा, वेळ नाहीये…"

"उतर म्हणतो ना!"

ती उतरली. मिस्त्रींनी पट्टीवर एक बोट ठेवलं आणि तिला आत ढकललं. बोट काढलं. पट्टी खडखडत बाहेर आली. त्यांनी पुढची ढकलली. तीही बाहेर आली. ते दुसऱ्या पंखाकडे गेले, तिकडच्याही दोन्ही ढकलल्या. दोन्ही बाहेर.

"आता तू कर."

तिनं करंगळी लावली. पट्टी आत गेली. करंगळी काढताच बाहेर आली. तिनं पुन्हा लावली. पुन्हा बाहेर.

"बघितलंस? किती भिकार काम आहे," मिस्त्री म्हणाले. "सैल, खडखडीत, फटीवर फट. असा ड्रॉवर माझ्या दुकानात कुणी केला असता, तर त्याला मी हाकलून दिलं असतं. साठ वर्षांत माझ्या हातून इतकं वाईट काम झालं नव्हतं पोरी. आज झालं. आता ह्यापेक्षा सैल मला करता येत नाही."

सुनेच्या ओठांचा एक कोपरा हलला.

"साठ वर्षं?" ती म्हणाली. "तुम्ही पाळण्यातूनच रंधा मारत होतात का?"

"मोजायचंय का आता तुला तेही?"

"परवा पन्नास म्हणालात."

"परवा मी परवाचं बोललो!"

"तुमचं वय आणि तुमचा अनुभव यांचा एकदा मेळ घाला बाबा, म्हणजे आम्हाला कळेल तरी…"

परीक्षकांनी आतून घसा खाकरला. सून आत बसली, दार ओढून घेतलं, आणि इंजिनाचा आवाज तिचं पुढचं वाक्य गिळून गेला. मिस्त्रींना तेवढं बरं वाटलं.

या वेळी टोळ जरासा धावला, नाक उचललं, आणि जमीन जणू पायाखालून काढून घेतल्यासारखा वर गेला. चक्कर मारून तो परत येताना मिस्त्रींनी डोळ्यांवर हात धरला. टोळ हळू झाला. मग आणखी हळू झाला. नाक वर, शेपूट खाली, उशिरा आलेल्या माणसानं चोरपावलांनी खोलीत शिरावं तसा. मिस्त्रींच्या मते एवढ्या हळू जाणाऱ्या वस्तूला हवेत राहायचा काही अधिकार नव्हता. आणि मग पंखाच्या पुढच्या कडेवर ऊन चमकलं. एका बाजूच्या पट्ट्या बाहेर आल्या, पापणी लवते तेवढ्यात दुसऱ्या बाजूच्याही आल्या. टोळ खाली पडला नाही. उलट, कुणीतरी मानगूट धरून अलगद खाली ठेवावा तसा तो टेकला, थोडं धावला, आणि पांढऱ्या रेषेच्या बऱ्याच अलीकडे उभा राहिला.

इंजिनीयरबाईंनी शिट्टी मारली. मिस्त्री गवतात बसले, कारण गुडघ्यांनी तसं ठरवलं होतं.

परीक्षक उतरले. मघाशी उडालेला एक केस जागेवर बसवला आणि त्यांच्याकडे आले. "परवाना मिळेल," ते म्हणाले. "एक अट आहे. तुम्ही विमानाला हात लावायचा नाही."

"बोलायला हरकत नाही ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"त्याला कायद्यात उपाय नाही," परीक्षक म्हणाले, आणि गाडीकडे गेले.

सून चालत आली आणि त्यांच्या शेजारी गवतात बसली.

"वरच्या गावात दवाखाना नवा बांधलाय," ती म्हणाली. "औषधं नेऊन टाकीन, पण ठेवायला तिथं कपाट नाही. सगळं जमिनीवर, खोक्यांत. उंदीर लागतात."

"सुतार नाही त्या गावात?"

"आहे. त्याची कपाटं उंदरांनाच आवडतात. पुढच्या आठवड्यात पहिली खेप आहे, मागची जागा रिकामी आहे."

मिस्त्री मिशीवरून हात फिरवू लागले. "तिथली धावपट्टी केवढी आहे?"

"आपल्या गल्लीएवढी. जरा कमीच."

"आणि टोकाला?"

"दरी."

मिशीवरचा हात थांबला. मग म्हणाले, "हत्यारं किती नेता येतील?"

"एक पेटी. वजन करून घेणार मी."

"एका पेटीत कपाट होतं होय? मोठा रंधा लागेल. लाकूड आवळायला शिकंजे लागतील. लाकूड तिथलं कसलं असेल देव जाणे, म्हणजे आपलं थोडं न्यायलाच हवं…"

"एक पेटी, बाबा."

"दीड."

"एक."

"तुला कपाटातलं काय कळतं गं?"

"तुम्हाला विमानातलं कळतं तेवढंच," सून म्हणाली, आणि हात देऊन तिनं त्यांना उठवलं.